एम्युलेटरवर गेमबॉय-जीबीए खेळताय? शेडरला हात लावायच्या आधी हे करा

एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम फोनवर किंवा पीसीवर चालवणारा प्रोग्राम, टाकला, गेम सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला वाटलं, अरे हे असं नव्हतं! रंग डोळ्यात घुसतायत, कडा करवतीसारख्या दिसतायत, पात्र चालायला लागलं की मागची जमीन शहारल्यासारखी हलते. मग कोणीतरी सांगतं शेडर लाव, म्हणजे चित्राचं रूप पालटणारा छोटा प्रोग्राम. शेडरचा फोल्डर उघडावा तर आत फोल्डरात फोल्डर, फाइलींची नावं अशी की मंत्र वाटावेत, आणि एकेक लावून बघता बघता तासाभराने आपल्याला मुळात काय खटकत होतं तेच आठवत नाही.

मी यातून गेलेय म्हणून हे लिहितेय. रेट्रोआर्च हे एम्युलेटरचं ॲप धरून सांगते, कारण पुष्कळ जण तेच वापरतात आणि छोट्या हँडहेल्डांच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनच्या, बऱ्याच सिस्टिमच्या पोटातही तेच असतं. मेनूतली नावं कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिलीयेत, तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत असतील, तेवढं जुळवून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते: लोक ज्याला खराब शेडर म्हणतात ते पुष्कळदा शेडरचं नाही, स्केलिंगचं, म्हणजे चित्र मोठं करण्याचं दुखणं असतं. म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी आकार, मग रंग, मग जाळी, म्हणजे जुन्या स्क्रीनच्या ठिपक्यांमधल्या फटींची नक्षी, आणि हलताना दिसणारी सावली सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्यात की कशाने बिघडलं ते शोधत बसाल.

फिल्टर, शेडर, ओव्हरले: तिन्ही वेगळे आहेत

बोलताना आपण सगळ्याला फिल्टरच म्हणतो, पण रेट्रोआर्चमध्ये व्हिडिओ फिल्टर नावाची वेगळी गोष्ट आहे आणि ती सीपीयूवर, म्हणजे मुख्य चिपवर चालते. स्केल२एक्स, टूएक्सएसएआय, ग्रिड२एक्स वगैरे त्यात येतात. शेडर म्हणजे जीपीयूवर, चित्र काढणाऱ्या चिपवर, चालणारा छोटा प्रोग्राम, तो एकामागोमाग एक अशा अनेक टप्प्यांत चालू शकतो, या टप्प्यांना पास म्हणतात, आणि ते सगळे पास नीट लावून ठेवलेली फाइल म्हणजे प्रीसेट. ओव्हरले ही बिचारी नुसती एक पारदर्शक पीएनजी असते, चित्रावर काच ठेवावी तशी वर ठेवलेली. तिला खाली काय चाललंय ते काहीच कळत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर व्हिडिओ फिल्टर बंद आहे ना ते बघून घ्या. मी एकदा अख्खी संध्याकाळ एका जाळीच्या शेडरला शिव्या देत काढली, प्रत्येक अक्षराभोवती विचित्र चट्टे येत होते, आणि शेवटी कळलं की कधीतरी चाळा म्हणून लावलेला स्केल२एक्स फिल्टर तसाच राहिला होता. म्हणजे शेडरकडे मूळ चित्र जातच नव्हतं, आधीच दुप्पट केलेलं जात होतं.

आणखी एक भानगड म्हणजे शेडरचे दोन प्रकार, जीएलएसएल आणि स्लँग. व्हिडिओ ड्रायव्हर साधा जीएल असेल तर जीएलएसएल चालतात, व्हल्कन, जीएलकोअर किंवा डायरेक्टथ्रीडी ११ असेल तर स्लँग. लोड प्रीसेटमध्ये गेलात आणि कोणी सांगितलेली फाइल दिसतच नाही असं झालं तर बहुतेक हेच कारण असतं. फोन बऱ्यापैकी नवा असेल तर ड्रायव्हर व्हल्कन ठेवा, मग ऑनलाइन अपडेटरमध्ये जाऊन अपडेट स्लँग शेडर्स दाबा, रेट्रोआर्च बंद करून परत उघडा. झालं.

पहिली पायरी: जुन्या स्क्रीनचा आकार आणि तुमच्या स्क्रीनचा भागाकार

कागदावर करा, दोन मिनिटं लागतात. १९८९ चा मूळ गेमबॉय आणि १९९८ चा गेमबॉय कलर दोन्ही १६०×१४४ पिक्सेलचे. २००१ चा गेमबॉय ॲडव्हान्स म्हणजे जीबीए २४०×१६०. सेगाचा गेम गिअरही १६०×१४४ च. अटारी लिंक्स १६०×१०२, निओ जिओ पॉकेट कलर १६०×१५२, वंडरस्वान २२४×१४४. निन्टेन्डो डीएसच्या दोन स्क्रीन, प्रत्येकी २५६×१९२. पीएसपी ४८०×२७२.

आता तुमच्या स्क्रीनची उंची घ्या आणि भागा. समजा ६४०×४८० ची स्क्रीन आहे, छोट्या हँडहेल्डांमध्ये ही फार दिसते. गेमबॉयचं बघितलं तर ४८० भागिले १४४ म्हणजे ३.३३. इथेच सगळी मेख आहे. चित्र पूर्ण उंचीभर ताणलं तर मूळच्या एका पिक्सेलला तुमच्या स्क्रीनचे सव्वातीनच्या आसपास पिक्सेल द्यावे लागतात, पण पाव पिक्सेल नावाची गोष्ट नसते, म्हणून कोणाला ३ मिळतात, कोणाला ४. संवादाच्या चौकटीतल्या एखाद्या अक्षराकडे डोळे बारीक करून बघा, एक उभी दांडी जाड आणि शेजारची बारीक दिसेल. चित्र स्थिर असताना हे चालून जातं. पण पात्र चालायला लागलं की तीच वीट एका फ्रेममध्ये ३ पिक्सेलची असते, पुढच्या फ्रेममध्ये ४ ची, परत ३ ची, आणि सुरुवातीला म्हटलं ना जमीन शहारते, ती ही. याच्यावर कितीही भारी जाळीचा शेडर टाका, शहारा तसाच राहतो, उलट जाळीमुळे आडवेतिडवे पट्टे उठून दिसतात.

उपाय म्हणजे सेटिंग्ज, व्हिडिओ, स्केलिंग, आणि तिथे इंटिजर स्केल चालू, म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीतच मोठं होतं. मग गेमबॉय ३ पट होऊन ४८०×४३२ वर बसतो, दोन्ही बाजूंना ८०-८० आणि वरखाली २४-२४ पिक्सेल काळे उरतात. चित्र लहान झालं म्हणून जीव हळहळतो, कळतं मला, पण दोन दिवस खेळून बघा, काळी चौकट दिसेनाशी होते.

जीबीएचं याच स्क्रीनवर जास्त अवघड आहे कारण २ पट म्हणजे ४८०×३२०, आणि पूर्ण रुंदी भरायची तर २.६७ पट. दोन पट फारच लहान वाटतं. अशा वेळी मी इंटिजर स्केल बंद करून शार्प-बायलिनिअर हा शेडर लावते. हा काय करतो, तर आधी चित्र पूर्ण पटीत स्वच्छ मोठं करतो आणि उरलेला अपूर्णांक तेवढा हलका पुसून भरतो, म्हणजे धूसरपणा फक्त दोन पिक्सेलांच्या सांध्यावर येतो, अख्ख्या चित्रावर नाही. व्हिडिओ सेटिंगमध्ये जे नुसतं बायलिनिअर फिल्टरिंग आहे ते मात्र सगळंच लोण्यासारखं करून टाकतं, ते बंदच ठेवा. त्याच घराण्यातला पिक्सेलेट म्हणूनही एक आहे, तोही चांगला.

काही जोड्या मात्र नशीबवान असतात. ७२०×४८० च्या स्क्रीनवर जीबीए बरोब्बर ३ पट बसतो, एक पिक्सेल वाया नाही. ७२० उंचीवर गेमबॉय बरोब्बर ५ पट. १०८० उंचीच्या फोनवर गेमबॉय ७ पट म्हणजे ११२०×१००८, जीबीए ६ पट म्हणजे १४४०×९६०, दोन्हीकडे थोडीच काळी पट्टी उरते. तुमची जोडी अशी असेल तर निम्मं काम इथेच झालं.

आणि कृपा करून चित्र ताणून पूर्ण स्क्रीन भरू नका. गेमबॉयचा आकार १०:९ आहे, जवळजवळ चौकोन, तो १६:९ मध्ये ताणला की सगळी पात्रं फुगलेली दिसतात. ॲस्पेक्ट रेशो कोअर प्रोव्हायडेड ठेवा आणि विसरून जा.

दुसरी पायरी: रंग

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि लोक थेट जाळीवर उडी मारतात.

जीबीए आणि गेमबॉय कलरमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ३२ पायऱ्या, म्हणजे एकूण ३२,७६८ रंग. एम्युलेटर साधेपणाने काय करतो, तर सगळ्यात वरची पायरी ३१ असेल तर ती तुमच्या स्क्रीनच्या २५५ ला नेऊन बसवतो. गणित बरोबर आहे पण दिसायला चूक, कारण मूळ एलसीडी इतकी शुद्ध नव्हतीच, तिच्यावरचा लाल जरा विटकरी, हिरवा पिवळटलेला, एकाचा रंग दुसऱ्यात उतरलेला. शिवाय पहिल्या जीबीएला आतून प्रकाशच नव्हता. २००३ च्या जीबीए एसपी या मॉडेलला समोरून दिवा आला, आणि मागून उजळणारी स्क्रीन एसपीच्या नंतरच्या मॉडेलात आली. तोपर्यंत गेम बनवणाऱ्यांना माहीत होतं की खेळणारा खिडकीपाशी तिरका होऊन बसणार आहे, म्हणून त्यांनी रंग मुद्दाम उजळ भडक ठेवले. कॅसलव्हेनियाचे जीबीएवरचे पहिले दोन गेम शेजारी ठेवून बघा. सर्कल ऑफ द मून हा २००१ चा, इतका काळोखा की मूळ मशीनवर शत्रू दिसेना म्हणून लोक वैतागले. पुढच्याच वर्षीचा हार्मनी ऑफ डिसोनन्स एकदम झगझगीत. मूळ अंधाऱ्या स्क्रीनवर दुसरा बरा दिसतो, आणि तुमच्या उजळ फोनवर पहिला झकास दिसतो, दुसरा भडक. म्हणजे एकाच मशीनच्या दोन गेमना रंगाचं एकच सेटिंग लागेलच असं नाही, ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा.

आता करायचं काय. आधी फोनचाच डिस्प्ले मोड बघा, तो व्हिव्हिड किंवा तत्सम काही असेल तर नॅचरलवर आणा, नाहीतर तुम्ही इकडे रंग उतरवताय आणि फोन तिकडे चढवतोय. मग गेम चालू असताना क्विक मेनू, कोअर ऑप्शन्स, आणि तिथे कलर करेक्शन. कोअर म्हणजे रेट्रोआर्चच्या आत एकेका मशीनची नक्कल करणारा भाग; हे सेटिंग गॅम्बाटे कोअरमध्ये गेमबॉय कलरसाठी आहे, जीबीएच्या एमजीबीए कोअरमध्येही आहे. चालू करा, एखादं गवताचं मैदान आणि एखादी गुहा बघून या. हिरवा शांत झालेला दिसेल. बहुतेकांना एवढं पुरतं.

हेच काम शेडरनेही होतं, जीबीए-कलर, जीबीसी-कलर, एनडीएस-कलर, पीएसपी-कलर अशा नावांचे शेडर त्यासाठीच आहेत. फायदा असा की त्यात आकडे हाताने कमीजास्त करता येतात. पण दोन्ही एकदम लावू नका! कोअरमध्ये करेक्शन चालू, वर शेडरमध्येही रंग, अशाने चित्र धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखं होतं. आणि काही जाळीच्या प्रीसेटांमध्ये रंगाचा पास आधीच घुसवलेला असतो, नावात जीबीए किंवा जीबीसी असलं की शंका घ्या, शेडर पासेस उघडून आत काय काय आहे ते वाचा.

काळ्यापांढऱ्या मूळ गेमबॉयचं प्रकरण वेगळं आहे. त्याला ४ च छटा, आणि त्या हिरवट पिवळ्या काचेवर. १९९६ च्या गेमबॉय पॉकेटमध्ये हा हिरवटपणा जाऊन स्वच्छ करडं चित्र आलं. तुम्हाला यातलं कुठलं आवडतं ते ठरवा, दोन्ही खरंच आहेत. हिरवटच पाहिजे असेल तर हँडहेल्ड फोल्डरमधला गेमबॉय नावाचा प्रीसेट बघा. मूळ स्क्रीनवर गडद ठिपक्याची बारीक सावली मागच्या पृष्ठभागावर पडायची, ती सावलीसुद्धा तो काढतो. पण त्याला कोअरकडून करडं चित्र लागतं, गॅम्बाटेमध्ये जीबी कलरायझेशन चालू ठेवून हा लावलात तर छटांचा पार गोंधळ होतो. अशा वेळी कलरायझेशन बंद करा.

तिसरी पायरी: जाळी

एलसीडीच्या दोन पिक्सेलांमध्ये बारीक फट असते, आणि रंगीत स्क्रीनमध्ये एकेका पिक्सेलच्या आत लाल-हिरवा-निळा अशा तीन उभ्या पट्ट्या. जाळीचे शेडर हेच काढतात. यातून चित्राला जो पोत येतो त्याने मोठे चौकोनी पिक्सेल डोळ्याला मऊ वाटतात, म्हणजे धूसर न करताच कडा बोचायच्या थांबतात. मला स्वतःला जाळी आवडते, पण तिची किंमत प्रकाशात मोजावी लागते.

हिशेब बघा. ४ पट मोठं केलंय आणि प्रत्येक पिक्सेलची एक उभी, एक आडवी ओळ पूर्ण काळी केली, तर १६ पैकी ९ ठिपके उरले, म्हणजे उजेड साधारण ५६ टक्के. ३ पटीत ९ पैकी ४, म्हणजे ४४ टक्के, निम्म्याहून कमी! ७ पटीत मात्र ४९ पैकी ३६, म्हणजे ७३ टक्के. म्हणून छोट्या स्क्रीनवर गडद जाळी लावली की लोक ब्राइटनेस शंभरवर नेतात आणि मग बॅटरीच्या नावाने बोंब मारतात. जाळी काळी न ठेवता हलकी करडी ठेवा, बहुतेक शेडरांच्या पॅरामीटरमध्ये ती सोय असते.

पटीनुसार माझी निवड अशी. २ पटीत जाळीच्या भानगडीत पडू नका, जागाच नाहीये. ३ पटीत एलसीडी३एक्स किंवा झेडफास्ट-एलसीडी, तीन पट्ट्यांना तीन पिक्सेल मिळाले की रंग नीट बसतात, आणि झेडफास्ट तर नावाप्रमाणे हलका आहे, कमजोर चिपवरही पळतो. ५ पट किंवा वर असाल तर एलसीडी-ग्रिड-व्ही२, हा माझा लाडका, आणि याच्याच पॅरामीटरमध्ये खेळायला भरपूर जागा आहे. डॉट नावाचा शेडर प्रत्येक पिक्सेलचा गोल ठिपका करतो, दोन मिनिटं भारी वाटतो, पण मजकूर जास्त असलेल्या गेममध्ये मला डोकेदुखी होते.

लावायचं कसं: गेम चालू, क्विक मेनू, शेडर्स, व्हिडिओ शेडर्स ऑन, लोड प्रीसेट, हँडहेल्ड फोल्डर, फाइल निवडा. मग शेडर पॅरामीटर्समध्ये जाऊन एकेक आकडा हलवा आणि मेनू बंद करून गेममध्ये बघा. कीबोर्ड असेल तर मूळ सेटिंगमध्ये एफ१ ने मेनू उघडतो, आणि एम दाबून पुढचा, एन दाबून मागचा शेडर येतो, तुलना करायला फार सोयीचं.

बघताना तीन ठिकाणं ठरवून ठेवा आणि प्रत्येक वेळी तिथेच बघा. एक, संवादाची चौकट, अक्षरं वाचता येतायत का. दोन, सरळ चालत जाता येईल असा लांब रस्ता, जाळी पोहते का, पट्टे उठतात का. तीन, अंधारी खोली किंवा गुहा. सेव्ह स्टेट करून, म्हणजे गेम त्याच क्षणी गोठवून ठेवला की काम सोपं. माझा अनुभव असा की शीर्षकाच्या चित्रावर सगळेच शेडर छान दिसतात, म्हणून तिथे बघून काही ठरवू नका.

दुसऱ्याने टाकलेला स्क्रीनशॉट बघूनही नाही. त्याची जाळी त्याच्या स्क्रीनच्या पटीत काढलेली असते, तुमचा फोन ती प्रतिमा दाखवताना लहानमोठी करतो आणि त्यात जाळीची पार वाट लागते, कधी ती गायब होते, कधी गालिच्यासारखी नक्षी उमटते. काही ओलेड स्क्रीनमध्ये तर लाल आणि निळे उपपिक्सेल हिरव्यापेक्षा कमी असतात, तिथे एक पिक्सेलची बारीक जाळी रंगीत कडा दाखवते. तुमच्याकडे असं होत असेल तर दोष शेडरचा नाही, तीन पट्ट्यांवाला शेडर सोडून साधी जाळी घ्या.

पीएनजीवाले ओव्हरले कमजोर मशीनवर उत्तम, कारण खर्च जवळजवळ शून्य. पण ती काच ठरलेल्या पटीला आणि ठरलेल्या जागेलाच बसते. ३ पटीची जाळी असेल आणि तुमचं चित्र एका पिक्सेलने जरी सरकलेलं असेल तर रेघ पिक्सेलच्या मधोमध येते. लावलीत तर एकदा भिंगातून बघितल्यासारखं नाक लावून तपासा.

चौथी पायरी: मागच्या फ्रेमची सावली

जुन्या एलसीडी मंद होत्या, ठिपका काळा झाला की परत उजळायला वेळ घ्यायचा. हा दोषच, पण काही गेमनी त्याचा फायदा घेतला. एखादी वस्तू एका फ्रेममध्ये दाखवायची, पुढच्या फ्रेममध्ये नाही, परत दाखवायची, आणि मंद स्क्रीनवर ती अर्धपारदर्शक दिसायची. तुमच्या झटपट स्क्रीनवर तीच वस्तू सेकंदाला ३० वेळा फडफडते. गेमबॉयवरचा झास हा शूटिंगचा गेम तर मागच्या पार्श्वभूमीचे थर असेच दाखवतो, आणि साध्या स्क्रीनवर तो बघवत नाही.

तुमच्या गेममध्ये असं आहे का ते ओळखायला पी दाबून गेम थांबवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे जा. सावली, धूर किंवा ढाल एकाआड एक फ्रेममध्ये गायब होत असेल तर कोअर ऑप्शन्समध्ये इंटरफ्रेम ब्लेंडिंग चालू करा. सिंपल म्हणजे आत्ताची आणि मागची फ्रेम अर्धी अर्धी मिसळणं. एलसीडी घोस्टिंग म्हणजे मागची शेपटीसुद्धा. एमजीबीएमध्ये स्मार्ट आहे, तो फडफडणारं तेवढंच मिसळायचा प्रयत्न करतो, मी तोच ठेवते. असं काही दिसलं नाही तर हे सगळं बंद राहू द्या, उगाच पळताना सगळं पुसट होतं.

हेच शेडरनेही करता येतं, पण मग तो पास सगळ्यात पहिला हवा. कारण तिथे चित्र मूळ आकाराचं असतं, जीबीएचे फक्त ३८,४०० पिक्सेल. ६ पट मोठं केल्यानंतर लावलात तर तेच काम जवळजवळ चौदा लाख पिक्सेलांवर करायला लावताय जीपीयूला. प्रीसेटला प्रीसेट जोडायचा असेल तर प्रीपेंड आणि अपेंड असे दोन पर्याय आहेत, रंग आणि मिसळणं पुढे लावा, जाळी कायम शेवटी.

गुळगुळीत करणारे: एक्सबीआर, एचक्यू, स्केलएफएक्स वगैरे

यांच्यावरून भांडणं होतात म्हणून थोडक्यात माझं मत. हे शेडर प्रत्येक पिक्सेलचे शेजारी बघतात, वरचा आणि डावा एकाच रंगाचे असतील तर त्या कोपऱ्यातून तिरकी रेघ जात असणार असा अंदाज बांधतात आणि पायरीच्या जागी उतार काढतात. मोठी, जाड रेघांची चित्रं असली की अंदाज बरोबर येतो. पण गेमबॉयवर सगळं ८×८ च्या तुकड्यांत बसवलेलं असतं, एका चेहऱ्याला डोळ्यासाठी एकच पिक्सेल, तिथे अंदाज चुकला की चेहरा वितळलेल्या मेणासारखा होतो. आणि एकाआड एक ठिपके टाकून काढलेल्या छटा तर हमखास बिघडतात. जीबीएवर मोठ्या पात्रांच्या गेममध्ये एक्सबीआरझेड मला चालतो, गेमबॉयवर अजिबात नाही. तुम्हाला आवडत असेल तर बिनधास्त लावा, खेळायचं तुम्हाला आहे.

सीआरटी, म्हणजे जुन्या काचेच्या टीव्हीसारखं दाखवणारे शेडर हँडहेल्डवर कशाला, असा प्रश्न पडतो. नेहमीच चूक नाही तेही, कारण १९९४ च्या सुपर गेमबॉयमधून आणि २००३ च्या गेमबॉय प्लेअरमधून लोक हेच गेम टीव्हीवर खेळलेत. तुमची आठवण टीव्हीची असेल तर स्कॅनलाइन, म्हणजे त्या टीव्हीच्या आडव्या रेघा लावा.

डीएस आणि पीएसपीवाल्यांसाठी

डीएसच्या दोन्ही स्क्रीन कोअर एकत्र करून पाठवतो, म्हणजे एकावर एक ठेवल्या तर शेडरला ते २५६×३८४ चं एकच चित्र दिसतं. १०८० भागिले ३८४ केलं तर पूर्ण पट २ च येते. जाळी पाहिजे तर लेआउट बदला, शेजारी शेजारी किंवा एकच स्क्रीन मोठी.

पीएसपीत एक सापळा आहे. इंटर्नल रेझोल्युशन, म्हणजे एम्युलेटर ज्या आकारात गेम काढतो तो, वाढवून ४ पट केलंत आणि वर जाळी लावली, तर शेडरकडे आता १९२०×१०८८ चं चित्र येतंय, तो त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला जाळी काढायला जातो आणि जागाच नसते. मग एकतर जाळी दिसत नाही किंवा लाटा दिसतात. दोनपैकी एक निवडा: रेझोल्युशन १ पट आणि जाळी, ३ पटीत १४४०×८१६ छान बसतं, किंवा रेझोल्युशन वाढवा आणि जाळी विसरा. थ्रीडी गेमना मी दुसरं करते.

सेव्ह करताना घाई नको

इथे मी तोंडावर पडलेय. जीबीएसाठी मन लावून बनवलेली जाळी ग्लोबल प्रीसेट म्हणून सेव्ह केली आणि दुसऱ्या दिवशी पीएसपीचा गेम उघडला तर चाळणीतून बघितल्यासारखा. सेव्हमध्ये चार पातळ्या असतात: ग्लोबल (सगळ्यासाठी), कोअर, कंटेंट डिरेक्टरी (गेमचा फोल्डर) आणि गेम. जितकी पातळी बारीक तितका तिचा शब्द वरचढ, म्हणजे गेमचा प्रीसेट असेल तर कोअरचा बाजूला पडतो. सुरुवातीला सेव्ह कोअर प्रीसेट वापरा. पण गॅम्बाटे एकच कोअर गेमबॉय आणि गेमबॉय कलर दोन्ही चालवतो, म्हणून गेमचे फोल्डर वेगळे ठेवा आणि तिथे कंटेंट डिरेक्टरीवाला पर्याय घ्या. कोअर ऑप्शन्स वेगळे सेव्ह होतात, शेडरबरोबर जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मशीनला झेपतंय का

एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात एम्युलेटरचं आणि शेडरचं दोन्ही काम उरकायला हवं. फ्रेमरेट दाखवायचं सेटिंग चालू करा, शेडर बंद ठेवून फास्ट फॉरवर्ड करा, आकडा बघा, मग शेडर लावून परत. ४०० वरून ३०० आला तर काही काळजी नाही. ७० च्या आसपास आला तर गर्दीच्या प्रसंगात आवाज तडतडणार, हलका शेडर घ्या. मेगा बेझेलसारखे अवजड संच, ज्यात चौकटीवरचं प्रतिबिंबसुद्धा काढतात, ते दमदार जीपीयूच्या पीसीसाठी ठेवा, छोट्या हँडहेल्डला त्रास देऊ नका.

डोकं चालत नसेल तर इथून सुरू करा. ६४०×४८० वर गेमबॉय: इंटिजर स्केल, करडा पॅलेट, हलकी केलेली झेडफास्ट-एलसीडी. त्याच स्क्रीनवर जीबीए: इंटिजर बंद, शार्प-बायलिनिअर, कोअरचं कलर करेक्शन, जाळी नाही. १०८० च्या फोनवर जीबीए: इंटिजर स्केल ६ पट, कलर करेक्शन, एलसीडी-ग्रिड-व्ही२, ब्लेंडिंग स्मार्ट. आठवडाभर यातलं काहीही न बदलता खेळा, आणि मग एकदा खेळता खेळता मध्येच शेडर बंद करून बघा. फरक लगेच डोळ्यात भरला नाही तर तो शेडर तुम्हाला लागतच नव्हता, काढून टाका.